हा आवाज याचा?

आज संध्याकाळी घरी अमेरिकन गायक चार्ली प्राइडचे गाणे लावले होते. सोबत ऐकत बसलेल्या मामांनी पडद्यावरचे छायाचित्र पाहिले आणि पटकन विचारले, "हा आवाज याचा?" त्यांच्या मनात काहीच वाईट नव्हते, तरीही तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

नेमका हाच प्रश्न टाळावा म्हणून १९६६ साली आरसीए कंपनीने त्याची पहिली रेकॉर्ड रेडिओ केंद्रांकडे छायाचित्राविना पाठवली होती. मिसिसिपीतील स्लेज या गावी, वाट्याने कापसाची शेती करणाऱ्या कुटुंबात जन्मलेला, बेसबॉलमध्ये नशीब काढू पाहणारा आणि पुढे मोंटानात धातू वितळवण्याच्या कारखान्यात राबलेला हा कृष्णवर्णीय तरुण गोऱ्यांचेच मानले जाणारे कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेली गाणी, गात होता.

डेट्रॉइटच्या एका मोठ्या कार्यक्रमात त्याचे नाव पुकारताच टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो मंचावर दिसताच सभागृह गप्प झाले. आपला रंग 'कायमचा रापलेला' असल्याचा विनोद करून ती शांतता त्यानेच मोडली. या हजरजबाबीपणाचे कौतुक वाटते, पण थोडा रागही येतो. अवघडले होते श्रोते, आणि त्यांना सावरून घेण्याचे काम मात्र त्याच्यावर आले.

१९७१ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षाचा सर्वोत्तम कलावंत ठरवले, हे खरेच. पण तितकाच सुरेल गळा असूनही ऐनवेळी विनोद न सुचलेले किती गायक त्या दारातून परत गेले असतील?