‘बरं’ म्हणाले अन् गेले

रविवार, रात्री साडेअकरा

मोठे बाबा ‘बरं’ म्हणाले अन् गेले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी रणगाड्याच्या मॉडेलचा डबा उघडला होता, काल रात्री शेवटचा हात फिरवला. मधले चार महिने मोटार वाइंडिंगच्या दुकानाचं शटर खाली ओढल्यावर रोज दीड-दोन तास, तेही लाइट असली तर. आज सकाळी ते, माझे थोरले काका, स्टार्टर न्यायला येणार हे मला माहीत होतं. म्हणून रणगाडा काउंटरवर, तांब्याच्या रिळांच्या पुढे, उजेडाकडे तोंड करून ठेवला. ते येतील, बघतील, काही बोलतील. काय बोलतील हेही मी मनात ठरवून ठेवलं होतं.

ते आले. कपाळावरचा चष्मा खाली घेतला, वाकले. एका बोटाने तोफेची नळी हलकेच बाजूला सारली, तसा अख्खा टरेट, म्हणजे वरचा घुमट, फिरला. माझा जीव वर, कारण वरची मशिनगन केसाएवढ्या पितळी पट्टीवर उभी आहे. मग त्यांनी पुढच्या उतारावरच्या लहानशा झाकणाखाली अंगठ्याचं नख घालून पाहिलं.

“हे उघडत नाई काय?”

“नाई न मोठे बाबा, चिकटवलं आहे ते. अंदर काईच नाई.”

“बरं.”

आणि स्टार्टर काखेत मारून गेले. पैसे उद्या देतो म्हणाले. मी नको म्हणालो, ते त्यांनी ऐकलं नाही.

तेव्हापासून तो एक शब्द डोक्यातून जात नाही. दिवसभरात दोन मोटारी आल्या, एकीचं वाइंडिंग पूर्ण जळालेलं, कॉइल उपटताना हात चालत होता आणि डोक्यात ‘बरं’. आपल्याकडे माणूस समाधानाने बरं म्हणतो, कंटाळून म्हणतो, विषय मिटवायलाही म्हणतो. हे त्यातलं कोणतंच नव्हतं. स्टँडवर विचारावं, गाडी गेली का, आणि समोरच्याने हो म्हणावं, तेव्हा जसं आपण बरं म्हणतो, तसं होतं.

हिला सांगितलं तर म्हणाली, “शाबासकी पाह्यजे होती काय तुमाले?”

हो. पाहिजे होती. सत्तावीस सेंटिमीटर लांब आहे तो, नळीच्या टोकापासून मागच्या ओंडक्यापर्यंत. खरा टी-७२ रणगाडा नळीसकट साडेनऊ मीटर भरतो, त्याला ३५ ने भागायचं. पट्ट्याची एकेक कडी वेगळी होती, एका बाजूला शंभराला थोड्याच कमी. प्रत्येक कडी फ्रेममधून कापायची, कापल्याची खूण घासायची, पुढच्या कडीत बसवायची. तीन आठवडे त्यात गेले. चिखलात रुतला तर पट्ट्याखाली घालायला मागे लाकडाचा ओंडका बांधलेला असतो. डब्यातला प्लास्टिकचा होता, तो मी ठेवला नाही. धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या, तुराटीचा नीट वाळलेला तुकडा कापून बसवला. जाडी तंतोतंत, आणि साल सुटलेली जशी दिसायला पाहिजे तशीच. ओढायचा लोखंडी दोर मी वाइंडिंगच्या तारेचा वळला. सहा पदर, एक टोक ड्रिलमध्ये, एक पक्कडीत. एनॅमल जाळून काढलं, म्हणजे रंग धरतो. हे सगळं गावात एकाच माणसाला कळलं असतं, आणि त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मे महिना. पारा ४५ च्या पुढे. कूलर लावला तर बारीक तुकडे उडतात आणि रंगावर ओल बसते, नाही लावला तर ब्रशचा रंग तुकड्यापर्यंत पोचेपर्यंत सुकतो. मी बंदच ठेवत होतो. बनियन पिळून पुन्हा घालत होतो. हे मी कोणाला सांगायचं?

बाबा असते तर. जाऊ द्या.

तोच दिवस, रात्री साडेबारा

झोप नाही. एक हिशेब केला. खरा ४१ टनांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ३५ पट लहान झाल्या, तर वजन ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पट कमी. ४१ हजार किलोला त्याने भागलं तर साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास येतं. तसाच पोलादाचा, तसाच भरलेला असता तर हातावर किलोभर वजन लागलं असतं. माझा पाव किलोही भरणार नाही. पोकळ आहे.

३५ हा आकडा मला पहिल्यापासून आवडतो. जपानच्या टामिया कंपनीने १९६१ मध्ये पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, ते मोटारीवर चालणारं होतं. आत मोटार आणि सेल बसले पाहिजेत म्हणून अंगाचं माप ठरलं, ते भरलं एकास पस्तीस, आणि पुढे दुनियेने तेच धरलं. म्हणजे आत काय बसवायचं ते आधी, बाहेरचं रूप नंतर. मोटारवाल्याला हे लगेच पटतं. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, आणि स्वतः आत काहीच ठेवलं नाही.

टरेट वाकडा राहिला होता, त्यांनी फिरवलेला. तो सरळ करायला उठलो. नळी बरोबर मध्ये आणली, जरा खाली, दिसायला रुबाबदार. आणि हात थांबला. नळी त्या झाकणाच्या थेट वर आली होती.

टी-७२ मध्ये ड्रायव्हर पुढे बसतो, मधोमध, एकटा. कमांडर आणि गनर वर टरेटमध्ये. ड्रायव्हरचं झाकण नळीच्या खाली येतं. नळी समोर आणि खाली असेल तर ते उघडत नाही, मग त्याला सीटच्या मागे तळात असलेल्या दरवाजाने जमिनीवर सरपटत निघावं लागतं. आणि झाकण उघडं असेल तेव्हा टरेट मशीनवर फिरू नये म्हणून अडसर असतो, नाहीतर बाहेर काढलेल्या डोक्यावरून नळी जायची.

मला हे माहीत होतं. वाचलं होतं. १२५ मिलिमीटरची तोफ माहीत आहे, माझ्या मॉडेलवर ते भोक साडेतीन मिलिमीटरचं, ज्वारीचा दाणा अडकेल एवढं. २२ गोळे फिरत्या चकतीत राहतात आणि मशीनच ते भरतं, म्हणून चौथा माणूस लागत नाही, हे माहीत आहे. बारा सिलेंडरचं इंजिन, ७८० हॉर्सपॉवर. सगळं तोंडपाठ. पण मोठे बाबांनी आधी नळी बाजूला सारली आणि मग झाकणाला नख लावलं, हे डोळ्यांसमोर होऊनही मला दिसलं नाही. मला माझी मशिनगन दिसत होती.

त्यांनी विचार करून केलं असेल असं वाटत नाही. बोटानेच केलं. रणगाड्यांच्या पलटणीतून दफादार होऊन घरी आले त्याला पंचवीसच्या वर वर्षं झाली आणि बोट अजून आधी नळी बाजूला करतं.

पुलगावच्या फाटकावर एकदा आम्ही अडकलो होतो, मी आठ-नऊ वर्षांचा. ते सुटीवर आले होते. मालगाडी जात होती, सपाट डब्यांवर ताडपत्री बांधलेले रणगाडे, एकामागून एक. मी मोजत होतो. बाबा सायकल धरून उभे. मोठे बाबा म्हणाले, “यातला ड्रायव्हर कोठी बसते, सांग बरं.” मी नळीकडे बोट दाखवलं. ते हसले, माझं बोट धरलं आणि खाली आणलं. पुढे काय म्हणाले ते आठवत नाही, गाडीचा आवाज होता.

धुऱ्यावरून दोन घरांत वाकडं आलं ते त्यानंतर खूप वर्षांनी. त्यात मी कुठे होतो आणि कुठे नव्हतो ते आज लिहीत नाही. पण त्यामुळे मी त्यांना काही विचारलं नाही हे खरं. दोन गल्ल्या सोडून घर. नगरच्या रणगाडा-शाळेत शिकलेला, वाळवंटात रणगाडा चालवलेला माणूस. आणि मी चार महिने परदेशातल्या लोकांचे फोटो मोठे करकरून पाहत होतो.

माहितीच्या कागदावर त्या झाकणाच्या दोन्ही आकृत्या होत्या, उघडं आणि बंद. मी बंद घेतलं. बंद सोपं असतं, आत काही करावं लागत नाही. ‘अंदर काईच नाई’, हे मी त्यांना सांगितलं. जो माणूस आत बसत होता त्याला.

आता ‘बरं’ तेवढं बोचत नाही. शाबासकी मिळाली नाही ती नाहीच मिळाली. त्यांना तुराटीचा ओंडका दिसला नसेल असंही नाही, आपल्या ओळखीची वस्तू समोर आली की माणूस आधी आपली जागा शोधतो. गावाचा नकाशा दिला तर मीसुद्धा आधी दुकानच बघीन.

सोमवार, रात्री

झाकण कापलं. प्लास्टिकचा सिमेंट प्लास्टिक वितळवून एकजीव करतो, फेविक्विकसारखं टिचकी मारून सुटत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने कडेने भोकं पाडली, भोकांमधली भिंत ब्लेडने कापली. दोन तास. एका बाजूचा टवका उडाला आणि नवा रंग गेला. आत वाकून पाहिलं तर पलीकडचा टेबल दिसत होता.

संध्याकाळी पैशाचं निमित्त करून त्यांच्याकडे गेलो. अंगणात बाज टाकून पडले होते, लाइट नव्हती. मोठ्या आईने पाणी दिलं. मी म्हणालो, “मोठे बाबा, झाकण उघडलं मी. अंदर ते दांडे बसवाचे आहे, वळवाचे. वाइंडिंगच्या तारेचे करतो. किती अंतरावर राह्यते दोन दांडे?”

ते उठून बसले. पाय बाजेवरून खाली सोडले नाहीत, पुढे लांब केले, गुडघे जरा वर. पाठ मागे टेकल्यासारखी केली, मागे काही नव्हतं तरी. दोन्ही मुठी अंगाच्या दोन बाजूंना पुढे धरल्या.

“इतकं.”

“थांबा, असेच राहा.”

टेप माझ्या खिशात असतेच. मोबाइलचा उजेड दातात धरला आणि एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत लावली. ते हलले नाहीत, समोर बघत होते, गोठ्याकडे. शेहेचाळीस सेंटिमीटर. भागिले पस्तीस, तेरा मिलिमीटर.

“झालं का बे?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, एकदा पुन्हा मोजतो.