तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सेल्सच्या मेलना मी उत्तर देतो का?

एमआयडीसीतले शेजारी कारखानदार असोत नाहीतर नात्यातली नवीन धंद्यात पडलेली पोरं, भेटले की एक प्रश्न ठरलेला, भाऊ, हे जे रोज मेल येतात, वेबसाइट करून देतो, गूगलवर पहिल्या नंबरला आणतो, परदेशातले बायर मिळवून देतो, त्यांना तुम्ही काय उत्तर देता? आणि उत्तर नाही दिलं तर बरं दिसतं का? दरवेळी अर्धवट बोलणं होतं, म्हणून एकदा नीट लिहितो.

जळगावला आमचा प्लास्टिक चटईचा कारखाना आहे. मेल आयडी वेबसाइटवर आहे, बिलावर आहे, ऑनलाइन डिरेक्टऱ्यांमध्ये आहे, आणि तो तिथे असायलाच पाहिजे कारण नवीन गिऱ्हाईक तिथूनच येतं. हे लोक पण तिथूनच उचलतात.

एक मेल सांगतो, इंग्रजीत होता. "तुमच्या कंपनीची वाटचाल मी बऱ्याच दिवसांपासून बघतोय, केळी निर्यातीतलं तुमचं काम खरंच प्रेरणादायी आहे." आता आम्ही चटईवाले! जळगाव म्हणजे केळी एवढंच कुठल्यातरी यादीवरून त्याने धरलं असणार, वेबसाइट उघडली असती तर पहिल्याच पानावर लाल-हिरवी चटई दिसली असती. मग दोनतीन दिवसांनी दुसरा मेल, "तुम्ही कामात असाल, म्हणून आठवण करून देतोय." मग तिसरा, त्याच्या विषयात "रि:" लावलेलं, म्हणजे जसं काही आमचं आधी बोलणं झालंय. आणि शेवटी, "हा माझा शेवटचा मेल, तुम्हाला धंदा वाढवण्यात रस नाही असं मी समजतो." हे कोणी बसून लिहीत नाही हो, सॉफ्टवेअरमध्ये चारपाच मेल आधीच लावून ठेवलेले असतात, समोरून उत्तर आलं नाही की पुढचा आपोआप सुटतो.

विकणाऱ्याचा मला राग नाही, हे आधी सांगतो. आपला सगळा खान्देश विकूनच खातो, रावेर-यावलचं केळं काय, दाणाबाजारातली डाळ काय, नंदुरबारची मिरची काय. सॅम्पलची पिशवी घेऊन कारखान्यावर येणाऱ्याला आम्ही चहा पाजतो, माल घेवो न घेवो. राग आहे तो खोट्या कौतुकाचा. माझ्या पुतण्याने फरसाणचं युनिट टाकलं तेव्हा त्याला असाच एक मेल आला, तुमचा ब्रँड आम्हाला फार आवडला वगैरे, आणि तो इतका खुश झाला की मोबाइल घेऊन घरभर फिरला, आजीला वाचून दाखवला, मला म्हणे काका बघा, आपलं नाव कुठपर्यंत गेलं. मी माझा इनबॉक्स उघडून दाखवला, तोच मेल शब्दन् शब्द, फक्त कंपनीचं नाव बदललेलं. तो काही बोलला नाही, मोबाइल खिशात घातला आणि गेला. कर्ज काढून धंदा टाकलेल्या पोराला कोणीतरी चांगलं म्हणावं याची किती भूक असते, त्या भुकेवर हे चालतं, आणि ते मला अजिबात सहन होत नाही.

तर उत्तर देतो का? नाही. "नको" असंही नाही, शिवी तर नाहीच, कारण काहीही लिहिलं तरी समोरच्याला कळतं की हा पत्ता चालू आहे आणि इथे माणूस वाचतो. नुसता उघडला तरी कळू शकतं, बऱ्याच मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं एक बारीक चित्र असतं, ते लोड झालं की तिकडे नोंद होते. म्हणून जीमेलच्या सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं आधी विचारून दाखव असा पर्याय आहे तो लावून टाका.

डिलीट पण करत नाही, "रिपोर्ट स्पॅम" दाबतो. याला वजन आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने नियम कडक केलेत, जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याला एका क्लिकवर अनसबस्क्राइब, म्हणजे पुढचे मेल बंद करायची सोय, द्यावंच लागतं आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात, म्हणजे हजारात तीनच्याही आत. नाहीतर त्याचे मेल स्पॅममध्ये जायला लागतात. हे चलाख लोक त्यावर वेगवेगळ्या डोमेनवरून (मेल पत्त्यात @ च्या पुढचं नाव) थोडेथोडे पाठवतात ते खरं, तरी दाबायचं. अनसबस्क्राइबची लिंक मात्र ओळखीच्या कंपनीची असेल तरच, अनोळखी मेलमधल्या कुठल्याच लिंकवर बोट नको. आणि कोणी १९०९ ला तक्रार करा म्हणालं तर ते फोन-एसएमएससाठी आहे, मेलसाठी नाही.

बरं दिसतं का म्हणाल, तर ज्याने माझ्यासाठी एक मिनिट काढला नाही त्याच्यासाठी मी का काढू? माझ्या मिनिटांवर हक्क आहे तो नागपूरच्या त्या व्यापाऱ्याचा, ज्याचा चटईच्या साइजबद्दलचा मेल या सगळ्या ढिगाखाली दबलेला असतो. त्याला संध्याकाळच्या आत उत्तर जातं.

आणि अनोळखी सेल्सवाल्यालाही मी उत्तर देतो, तो खरा असेल तर. सुरतच्या एका धागेवाल्याचा मेल आला होता, चारच ओळी. कौतुकाचा एक शब्द नाही. लिहिलं होतं, भुसावळला एका दुकानात तुमची चटई बघितली, काठाच्या पट्टीची शिलाई कोपऱ्यावर सुटते, माझा धागा उन्हात टिकतो, सॅम्पल पाठवू का? मी उठून गोडाऊनमध्ये गेलो, चटया उलगडून कोपरे बघितले, तो म्हणत होता ते खरं होतं. त्याच दिवशी कळवलं की पाठवा. भाव जास्त होता म्हणून तेव्हा जमलं नाही, तेही त्याला स्पष्ट लिहिलं, लटकवत ठेवलं नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी मीच त्याला मेल टाकला, आता आमच्या मोठ्या साइजच्या काठाला त्याचाच धागा लागतो.