नक्षत्रांचा तक्ता आणि विहिरीचा टेप

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहायच्या असतात. त्या लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे फक्त एवढंच मांडतो, की आपल्यासारख्या आडगावच्या कॉलेजात कला शाखेच्या पोरांनी पर्यावरणाचा अभ्यास कसा केला आणि तो कसा करावा. प्रकल्पाच्या वह्या काखोटीला मारून फिरणाऱ्या आताच्या मुलांना त्याचा उपयोग तरी होईल.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याबाबत निर्देश दिले. पुढे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सगळ्या शाखांच्या पदवीसाठी अभ्यासक्रम आखला. त्याच्या मूळ आराखड्यात पन्नास तासिका होत्या. त्यांतल्या पाच क्षेत्रभेटीच्या. गुण शंभर, पैकी पंच्याहत्तर लेखी आणि पंचवीस प्रकल्पाचे. हे पंचवीस गुण कसे मिळायचे ते सर्वांना ठाऊक आहे. मागच्या वर्षीची फाईल, नवं मुखपृष्ठ, पृथ्वीचं रंगीत चित्र. शहरातल्या मोठ्या कॉलेजात शेकडो मुलांना शिवारात नेणार कोण, हा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे तो नाही. कंपाउंडच्या पलीकडे शिवारच आहे, वर्गात पोरं मोजकी आणि भूगोल, अर्थशास्त्र, मराठी घेणारी पोरं बहुतेक तीच. त्यामुळे हे तिन्ही विषय एकाच वहीत येतात, आणि माणदेशात, म्हणजे माणगंगेकाठच्या या दुष्काळी पट्ट्यात, ते यावेच लागतात. इथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आपल्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला याच्या दसपट पडतो.

सुरुवात पर्जन्यमापकापासून. मापकाची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच हवी. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जी उंची असेल, तिच्या निदान दुप्पट अंतरावर तो बसवायचा. भिंत चार मीटर असेल तर आठ मीटर लांब. गच्चीवर ठेवू नये, वाऱ्याने थेंब वरच्या वर उडून जातात आणि पाऊस कमी भरतो. रोज सकाळी साडेआठला मोजायचं. सगळ्यात मोठा घोळ होतो तो मोजपात्राचा. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी, १०० चौरस सेंटिमीटरच्या मापकात १० मिलिलिटर आणि १२७ मिलिमीटर व्यासाच्या जुन्या मापकात साधारण १२.७ मिलिलिटर. काचेचं पात्र फुटलं की कुणीतरी दुसरीकडून आणून देतं. २०० चं पात्र १०० च्या मापकाला लावलं तर चाळीस मिलिमीटरचा पाऊस वीसच दिसतो, आणि वही नीटनेटकी असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. म्हणून मापकाच्या तोंडाचं माप वहीच्या पहिल्या पानावर लिहावं.

या आकड्यांचं पुढे काय करायचं, इथे कला शाखेचं काम सुरू होतं. भूगोलाच्या पुस्तकात पाऊस महिन्यांनी मांडतात, गावात तो नक्षत्रांनी मोजतात. सूर्याचं एक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास, हस्त २६-२७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरच्या आसपास. तारखा दरवर्षी जवळपास त्याच, फार तर एक दिवस इकडेतिकडे. आता गंमत पाहा. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी उत्तरा-हस्तावर होते. महिन्याच्या तक्त्यात हस्ताचा पाऊस सप्टेंबर आणि ऑक्टोबर यांत चिरून जातो, त्यामुळे पेरणीला ओल होती की नाही हे त्या तक्त्यावरून कळतच नाही. नक्षत्राच्या तक्त्यावरून एका नजरेत कळतं. बाजरीचंही तसंच. जूनचा एकूण पाऊस साठ मिलिमीटर असेल, पण तो मृगात पडला की आर्द्रात, यावर पेरणी ठरते. तक्ता करताना एक पथ्य पाळायचं. साडेआठच्या नोंदीतलं पाणी आदल्या चोवीस तासांचं असतं, म्हणून नक्षत्र बदलाच्या दिवशीची नोंद मागच्या नक्षत्रात धरावी. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. तो रकाना वेगळा ठेवा, कारण एका रात्रीत सत्तर पडलेला आणि सात दिवस दहा-दहा पडलेला पाऊस बेरजेत सारखाच दिसतो.

पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' हे सारं मराठीच्या तासाला लोकसाहित्य म्हणून शिकवलं जातं. ते तक्त्याशेजारी ठेवून तपासायला हवं. काही म्हणी इथल्या पावसाला लागू पडतात, काही घाटमाथ्याकडून आलेल्या असाव्यात असं वाटतं. निदान निबंधात टाळ्यांसाठी त्या वापरणं तरी थांबेल.

विहिरींच्या नोंदीला जास्त चिकाटी लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी घेते. आपणही तेच महिने धरावेत, म्हणजे तुलना करता येते. पोलादी टेपच्या टोकाला वजन बांधायचं, शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासायचा आणि पाण्यात थोडा बुडेल इतका सोडायचा. काठावर किती आकडा आला तो लिहायचा, टेप ओढून खडू कुठवर भिजलाय ते पाहून तेवढं वजा करायचं. समजा कठड्यापासून पाणी ९.४० मीटरवर आहे आणि कठडा ०.७० मीटर उंच आहे, तर जमिनीपासून खोली ८.७०. कठडा वजा करायला विसरलेल्या वह्या हमखास सापडतात. नायलॉनची दोरी वापरू नये, ती ताणते. आणि वाचन घ्यायच्या आधी मोटार कधी बंद झाली ते विचारायचंच. शेतीची थ्री-फेज लाईट आठवड्याआड दिवसा-रात्री फिरते. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटेपर्यंत उपसा झालेला असतो, आणि सकाळी सात वाजता विहीर तळाला गेलेली दिसते. ती दुष्काळाची नव्हे, मोटारीची खूण असते.

आता माणसांशी बोलणं. 'पाऊस पूर्वीपेक्षा कमी झालाय का?' असं विचारलं की उत्तर 'व्हय' असंच येतं, आणि त्या 'व्हय'चा आलेख काढण्यात अर्थ नाही. 'विहिरीला मोटार कोणत्या सणापर्यंत चालायची, आता कोणत्या सणापर्यंत चालते?' असं विचारावं. दिवाळी, संक्रांत, शिमगा, पाडवा, आखिती (अक्षय्य तृतीया) अशी उत्तरं मिळतात आणि ती बरीच पक्की असतात. संक्रांतीची तारीख ठरलेली आहे, पण पाडवा मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कुठेही येतो, म्हणून त्या-त्या सालचं पंचांग काढून तारीख लावायची. जुनी माणसं विहिरीची खोली परसात सांगतात. परस म्हणजे पुरुषभर, पण तो गावागणिक बदलतो. तळापर्यंत मोजलेली एक विहीर धरून त्या गावचा परस किती फुटांचा ते आधी ठरवून घ्यावं. चराईबद्दल विचारायचं असेल तर जानेवारीत जाऊ नये. बरेचसे मेंढके दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली कोकणाकडे उतरलेले असतात. घरी राहिलेल्यांच्या उत्तरांवरून 'गावात चराई घटली' असा निष्कर्ष निघतो, आणि तो पार चुकीचा असतो.

अर्थशास्त्राची बाजू कागदांतून येते. सातबाऱ्यावरची पीक पाहणी आणि पैसेवारी, म्हणजे पीक रुपयाला किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, हे दोन कागद पुरेत. पैसेवारी पन्नासच्या आत की वर, यावर सवलती ठरतात, म्हणून त्या आकड्याकडे सगळ्या गावाचं लक्ष असतं. बाजरीत घातलेली मटकी आणि हुलगा पीक पाहणीत आलेत का, ते बांधावर उभं राहून ताडून बघावं.

गवताचं थोडक्यात. एक मीटरचा चौरस सुतळीने आखायचा, माळाच्या निरनिराळ्या भागांत टाकायचा आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात मोजायचं. तेव्हा कुसळी, पवन्या, मारवेल फुलोऱ्यावर असतात आणि ओळखू येतात. कापणी किंवा चराई झाल्यावर नुसती खुंटं उरतात.

नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला वेगळे श्रेयांक (क्रेडिट) आहेत, त्यामुळे हे काम आता पाच तासिकांत कोंबावं लागणार नाही. झालेल्या वहीची एक प्रत ग्रंथालयात आणि एक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ती समिती असायला हवी, आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांबद्दलच्या माहितीची नोंद, हे तिचंच काम आहे. मात्र माहिती सांगणाऱ्याचं नाव त्याला विचारूनच घालावं, आणि औषधी वनस्पतीची जागा गट नंबरासकट लिहू नये. ती वही कोण चाळेल याचा नेम नसतो.