चार हातांचं पाणी

दुपारी दोनच्या सुमारास काकडीची पानं मान टाकतात आणि घरात एकच धावपळ उडते. खरं तर वेलाला तहान लागलेली असतेच असं नाही. भर उन्हात पानांतून पाणी उडून जातं त्या वेगानं मुळांना ते वर पोचवता येत नाही, एवढंच. ऊन उतरलं की पानं आपोआप ताठ होतात. सकाळीही मलूल दिसली तर मात्र काळजी करावी. पण तोवर थांबतो कोण? एकानं सकाळी पाणी घातलेलं असतं, शाळेतून आल्यावर मुलं घालतात आणि रात्री कुणीतरी ‘आज राहिलंच वाटतं’ म्हणत आणखी एक मग ओततं. कुंडीतली झाडं बहुतेक अशीच जातात, लाडानं. मातीतली हवा पाण्यानं हाकलली की मुळं कुजतात, कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं पुन्हा मलूल. मग पुन्हा मग!

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावं. आत ओल लागली तर पाण्याचा मग जागेवर ठेवावा. घालायचं तेव्हा मात्र खालच्या भोकातून निथळेपर्यंत घालावं. रोज वरवर शिंपडलं तर मुळंही वरच घोटाळतात. टोमॅटोला तर लहरी पाणी मुळीच खपत नाही. चार दिवस कोरडं आणि मग पूर, असं झालं की फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. हा रोग नव्हे, फवारणी करून उपयोग नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. पाणी अडखळलं की मातीत असूनही ते फळापर्यंत पोचत नाही.

कोथिंबिरीची परीक्षा वेगळी. धणे हलकेच रगडून दोन फाका करायच्या, सेंटिमीटरभर खोल पेरायच्या आणि ८ ते १५ दिवस विसरायचं. हे विसरणंच जमत नाही. कुणीतरी काडीनं उकरून बघतंच, आणि नेमका नुकता फुटलेला कोंब मोडतो.

लाल भोपळ्यापाशी सगळ्यांचाच धीर सुटतो. आधी येतात ती बहुतेक नर फुलं, ती गळणारच. लगेच खताची चर्चा सुरू होते, आणि नत्र जास्त झालं की वेल नुसताच माजतो. मादी फुलाच्या बुडाशी इवलं फळ आधीच असतं. मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी लवकर ताज्या नर फुलाच्या पाकळ्या काढून आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधोमध फिरवावा. दुपारपर्यंत फूल मिटतं. दुधी मात्र संध्याकाळी फुलतो, त्याच्याकडे तेव्हा जावं. एवढं करूनही कधी कधी ते इवलं फळ पिवळं पडून गळतंच. अशा वेळी वेलाला दोन शिव्या हासडाव्यात आणि दुसरं मादी फूल शोधावं.