निर्गुडीचा पाला आणि इथिक्स कमिटीची मंजुरी : माझा अनुभव

एम. फार्म.च्या प्रबंधासाठी मी निर्गुडीच्या पानांच्या अर्काची वेदनाशामक क्षमता तपासली. गुडघा सुजला की निर्गुडीचा पाला गरम करून बांधण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि नेगुंडोसाइड, अॅग्न्युसाइड, कॅस्टिसिन ही संयुगे या वनस्पतीतून वेगळीही काढली गेली आहेत. मात्र संयुग सापडणे आणि त्याने वेदना कमी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी दाखवायची तर उंदरांवर चाचणी करावी लागते आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या प्राणी-प्रयोग इथिक्स कमिटीची मंजुरी लागते.

पाने सावलीत वाळवणे, सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात द्रावकाने अर्क काढणे हे सारे सुरळीत पार पडले. वनस्पतीची ओळख प्रमाणित करून घेताना फुलोऱ्यासह फांदी न्यावी, नुसत्या पानांवर भागत नाही.

खरे अडले ते कमिटीपाशी. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम यांनुसार ‘फॉर्म बी’ भरावा लागतो. प्राणी किती, का, कोणती वेदना किती वेळ होणार आणि शेवटी प्राण्याचे काय करणार, हे सर्व त्यात लिहावे लागते. मी तो वेळेत दिला. पण प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीने नेमलेले सदस्य हजर असल्याशिवाय बैठक होत नाही, आणि आमची बैठक त्यासाठी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. पुढची तारीख कार्यालयात कोणीच सांगत नसे. अर्क डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा दूर ठेवणाऱ्या बंद भांड्यात, पडून होता, विद्यापीठाची मुदत जवळ येत होती, आणि ‘कळवू’ एवढेच उत्तर मिळत होते. त्याची चीड आजही गेलेली नाही. अखेर बैठक झाली तेव्हा एकच प्रश्न आला : प्रत्येक गटात सहा उंदीर कशासाठी? आमच्या विभागात सहाचा प्रघात होता. रिसोर्स इक्वेशन या प्राणिसंख्या ठरवण्याच्या सूत्राप्रमाणे एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा केल्यावर उत्तर दहा ते वीसच्या दरम्यान यावे लागते. पाच गट आणि तीस उंदीर धरले तर ते पंचवीस येते, गटात पाचच घेतले तर बरोबर वीस. प्रश्न रास्त होता. वेदनेच्या दोन चाचण्या (त्या पुढे येतातच) मिळून दहा उंदीर वाचले, याचे मला मनापासून समाधान आहे. मात्र हीच शंका छाननीच्या वेळी एका ई-मेलने विचारता आली असती. त्याऐवजी सुधारित अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत थांबला. मंजुरीचे पत्र हाती पडले त्या दिवशी मी प्रयोगशाळेतून उशिरापर्यंत हललेच नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की अर्ज आधी द्यावा आणि पाला नंतर तोडावा. प्राणिसंख्येचे गणित अर्जातच मांडावे. तुलनेसाठी ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक औषध घेणार असाल, तर ते २०१८ पासून अमली पदार्थांवरील एनडीपीएस कायद्याखाली आहे हे ध्यानात ठेवून त्याची कागदपत्रे त्याच सुमारास सुरू करावीत. डायक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाला ही अडचण नाही, परंतु हॉट प्लेट चाचणीत त्याचा प्रभाव ठळक दिसत नाही. अॅसेटिक आम्लाच्या चाचणीत उंदीर पोटातील वेदनेने किती वेळा पिळवटतो ते मोजतात, आणि तेथे डायक्लोफिनॅक योग्य ठरते. हॉट प्लेटवर ५५ अंशांना उंदीर पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंतचा वेळ पाहतात. पंधरा सेकंदांनंतर त्याला उचलायचेच, आणि ही मर्यादा अर्जात स्पष्ट लिहावी.

फिरत्या दांड्यावर उंदराचा तोल पाहणारी रोटारॉड चाचणीही त्याच अर्जात घालावी. अर्काने उंदीर नुसता सुस्तावला तरी तो हॉट प्लेटवर उशिरा हालचाल करतो आणि आकडे वेदनाशमनाचे भासतात. त्या दांड्यावर त्याचा तोल टिकतो हे दाखवल्याशिवाय निर्गुडीने वेदना कमी केली असे म्हणता येत नाही, आणि ही चाचणी मागाहून जोडायची तर पुन्हा त्याच बैठकीची वाट पाहावी लागते.