तुम्ही विचारलंत म्हणून: नेत्यांचं वजन खरं सांगतात का?

मी विम्याच्या मेडिकल करणारा डॉक्टर, म्हणजे पॉलिसी निघायच्या आधी उंची, वजन, बीपी घेऊन फॉर्म भरून देणारा, त्यामुळे ट्रम्पच्या तब्येतीची बातमी आली की सोसायटीत कोणीतरी लिफ्टमध्ये गाठून विचारतंच, डॉक्टर, हे आकडे खरे असतात का हो?

तर जानेवारी २०१८ मध्ये व्हाइट हाउसचे डॉक्टर रॉनी जॅक्सन यांनी आकडे दिले, उंची ६ फूट ३ इंच, वजन २३९ पौंड म्हणजे १०८ किलोच्या आसपास. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, काढला तर येतो २९.९, आणि ३० झाला की लठ्ठ लिहावं लागतं! त्यात ट्रम्पच्या न्यूयॉर्कच्या जुन्या लायसन्सवर उंची होती ६ फूट २, तो एक इंच कमी धरला की बीएमआय जातो ३०.७ वर. मग काय, लोक तेवढ्याच उंची-वजनाच्या खेळाडूंचे फोटो शेजारी ठेवून हसत बसले.

मला मात्र यात माझेच पेशंट दिसतात. उंची घेताना हळूच टाचा उचलणारे, काट्यावर चढायच्या आधी किल्ल्या, मोबाईल, पाकीट आणि शेवटी पट्टासुद्धा काढून ठेवणारे, एक काका तर श्वास रोखून उभे राहिले होते, जणू हवेचंच वजन होणार. मग एजंट बाजूला घेऊन म्हणतो, डॉक्टर, दोन किलो कमी लिहा ना, प्रीमियम वाढतो. सुरुवातीच्या काळात मी एकदा लिहिलंही, खोटं कशाला बोलू.

त्यामुळे २३९ खोटंच होतं असं मी म्हणणार नाही, पुढच्याच वर्षी तिथूनच २४३ आले आणि तेव्हा बीएमआय ३० च्या वर गेलाच. प्रश्न वेगळा आहे. डॉक्टरने काय बाहेर सांगायचं हे पेशंट ठरवतो, आणि इथे तर पेशंटच साहेब. २०१५ मध्ये ट्रम्पच्या खासगी डॉक्टरांनी, बॉर्नस्टीन यांनी, पत्र दिलं होतं की हे निवडून आले तर आजवरचे सगळ्यात निरोगी अध्यक्ष असतील, आणि २०१८ मध्ये तेच म्हणाले की पत्र ट्रम्पनेच सांगून लिहून घेतलं. आता अशा पत्रानंतर पुढचा आकडा खरा असला तरी कोण मानणार?

आपल्याकडे तर आकडासुद्धा मिळत नाही. गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचं बघा ना, फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या लीलावती हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा बातम्यांत स्वादुपिंडाला सूज एवढंच, कॅन्सर हा शब्द गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी उघडपणे उच्चारला तो ऑक्टोबरच्या शेवटी. मधले आठ महिने नुसत्या अफवा. डिसेंबरमध्ये मांडवीच्या पुलाची पाहणी करतानाचा फोटो आला, नाकात नळी घातलेला. माझी मडगावची मावशी तो फोटो बघून एवढंच म्हणाली, "आता बुलेटिन कशाला, नळी दिसतेय की."