गुलबक्षीची अडतीस रोपं आणि दोन तृतीयांशचा घोळ

फुलांचा रंग एका पिढीतून पुढच्या पिढीत कसा उतरतो, हे मी गच्चीवर गुलबक्षी लावून बघते आहे. दिवाळी उलटली, शेवटची गुलबक्षी सुकली आणि दुसऱ्या पिढीची मोजणी संपली. गेल्या वर्षीची नोंद ज्यांनी वाचली असेल त्यांना आठवत असेल, की मी नऊ रोपांपाशी थांबले होते. गडद राणी रंगाच्या रोपावर पांढऱ्याचे पराग टाकून मिळालेली ती नऊच्या नऊ रोपं फिकट गुलाबी फुलली होती. यंदा त्यांच्या स्वपरागणातून आलेल्या बिया जूनमध्ये, पहिला पाऊस जिरल्यावर, कुंड्यांत आणि तेलाच्या कापलेल्या डब्यांत लावल्या. एकोणचाळीस रोपं फुलापर्यंत आली.

गडद ७, गुलाबी २२, पांढरी ९. बेरीज अडतीस. एकोणचाळिसाव्या रोपावर गुलाबी आणि गुलाबीवर गडद शिंतोडे उडवल्यासारखी, अशी दोन्ही फुलं एकाच फांदीवर आली. त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं हे फुलं बघितल्यावर ठरवलं असतं, तर मी आकडा मला हवा तसा वळवला असता. म्हणून ते बाजूला ठेवलं आणि वहीत तसं लिहूनही ठेवलं. रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक गडद, एक पांढरी मिळाली की फूल गुलाबी होतं, असं मानलं तर दुसऱ्या पिढीत गडद, गुलाबी, पांढरी १:२:१ यायला हवीत, म्हणजे अपेक्षा साडेनऊ, एकोणीस, साडेनऊ. काय-स्क्वेअर (मोजलेले आकडे अपेक्षेपासून किती दूर आहेत याचं माप) १.१६ येतो आणि तीन गटांसाठी, म्हणजे दोन मुक्तांशांना, ५ टक्क्यांची मर्यादा ५.९९ आहे. त्याहून जास्त आला असता तर गुणोत्तर नाकारावं लागलं असतं, म्हणजे आपलं गुणोत्तर टिकलं. पण अडतीस रोपांत कितीतरी चुकीची गुणोत्तरंही टिकली असती, हेही खरं. आनुवंशिकतेचे नियम पहिल्यांदा मांडणाऱ्या मेंडेलने वाटाण्याच्या बियांचा आकार बघताना ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या बिया मोजल्या होत्या. ३:१ च्या इतकं जवळ, २.९६ ला १, यायला इतकं मोजावं लागतं.

नवीन लोकांसाठी एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण पहिल्या वर्षी माझे वीस-बावीस क्रॉस (एका रंगाच्या फुलावर दुसऱ्या रंगाचे पराग लावणं) इथेच वाया गेले. गुलबक्षी संध्याकाळी चारनंतर उमलते. मी उमललेल्या फुलावर काम करत होते आणि तोवर परागकोश फुटून फुलाला स्वतःचेच पराग लागलेले असायचे. आता मी दुपारी अडीच-तीनला कळी चिमटीत धरते, नळी एका बाजूने नखाने उभी चिरते आणि पाचही पुंकेसर चिमट्याने काढून घेते. स्त्रीकेसराचं टोक बारीक ठिपक्यांच्या गुंडीसारखं दिसतं, त्याला धक्का लागू द्यायचा नाही. मग मलमलीची छोटी पिशवी चढवायची, नाहीतर अंधार पडायच्या आत लांब सोंडेचे पतंग येऊन आपलं काम करून जातात. संध्याकाळी पिशवी काढून दुसऱ्या रंगाचे पराग लावायचे आणि पिशवी परत बांधायची. फुलाला बी एकच, मिऱ्याएवढं काळं. म्हणून चाळीस बिया हव्या असतील तर चाळिसाहून बरीच जास्त फुलं हाताळायची तयारी ठेवा.

कागदावरच्या गणितांकडे येते. अप्पा बळवंत चौकातून जुन्या पुस्तकांत मिळालेला आनुवंशिकतेचा उदाहरणसंग्रह यंदा निम्मा झाला. ऑफिसातून आल्यावर रोज एक उदाहरण, जेवणाआधी.

माझी सर्वांत जास्त दमछाक वंशावळीच्या उदाहरणांनी केली. उदाहरण असं: थॅलेसेमियासारखा अप्रभावी आजार (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच होणारा), आईवडील निरोगी, एका मुलाला आजार. त्याची निरोगी बहीण वाहक, म्हणजे एकच बिघडलेली प्रत असलेली, असण्याची शक्यता किती? मी तीनदा निम्मी लिहिली आणि तिन्ही वेळा चुकले. आईवडिलांची जनुकं जुळवून मांडायच्या तक्त्यात (पनेटचा चौकोन) चार चौकोन येतात: एक बिघाड नसलेला, दोन वाहक, चौथा आजारी. चारांतले दोन वाहक, म्हणून निम्मी, असं माझं डोकं चालायचं. बारावीला असलेली भाची वही बघून म्हणाली, "मावशी, ती निरोगी आहे हे तुला आधीच माहितीये ना? मग चौथा चौकोन ठेवलाच कशाला?" खरंच, तो चौकोन खोडायचा होता. उरतात तीन, त्यांतले दोन वाहक, म्हणून दोन तृतीयांश. उदाहरणातलं "निरोगी" हे विशेषण मी वर्णन म्हणून वाचत होते. ती दिलेली माहिती होती.

तेव्हापासून मी पनेटचा चौकोन मांडायच्या आधी उदाहरणातल्या प्रत्येक व्यक्तीखाली एक ओळ लिहिते: हिच्याबद्दल आपल्याला नक्की काय माहीत आहे? चुका लगेच कमी झाल्या. याच उदाहरणाचा पुढचा भाग मला फार आवडला. अशाच दुसऱ्या घरातल्या, आजारी भावंड असलेल्या निरोगी मुलाशी त्या बहिणीचं लग्न झालं, तर दोघंही वाहक असण्याची शक्यता ४/९ (दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश) आणि पहिलं मूल आजारी असण्याची त्याच्या पाव, म्हणजे १/९. आता समजा, पहिलं मूल निरोगी झालं. तेवढ्याने दोघं वाहक असण्याची शक्यता ४/९ वरून ३/८ वर येते. आईवडिलांची जनुकं जन्मापासून तीच आहेत. आपल्याला त्यांच्याबद्दल थोडं जास्त कळलं, एवढंच. हे पहिल्यांदा नीट उमगलं त्या रात्री मी जेवण गरम करायचं विसरले.

दुसरा प्रकार उलटा. संतती दिलेली असते आणि पालक शोधायचे असतात. इथे मी आता आधी बेरीज बघते. गुणोत्तराची बेरीज १६ आली की जनुकं दोन, मग ते ९:७ असो, १२:३:१ असो की ९:३:४. ही सवय लागल्यामुळेच मुंबई रक्तगटाचं उदाहरण सुटलं. आई आणि वडील दोघांचाही गट तपासणीत "ओ", आणि मूल "ए". पहिल्यांदा वाटतं, छापताना चूक झाली. पण १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जो वेगळा रक्तगट नोंदवला, तो हाच. "ए"चं जनुक आईकडे आहे, पण ते ज्याच्यावर काम करतं तो एच पदार्थच तिच्या शरीरात बनत नाही, म्हणून तपासणीत ती "ओ" दिसते. वडिलांकडून मुलाला एचचं चालू जनुक मिळालं आणि आईचा "ए" दिसू लागला. दोन्ही पालक एबी गटाचे आणि दोघांकडेही एचची एक बंद प्रत असेल, तर मुलांत ए, एबी, बी आणि "ओ" यांचं प्रमाण ३:६:३:४ येतं. बेरीज पुन्हा सोळा. आपल्याच राज्यातल्या दवाखान्यातून जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेलेल्या या रक्तगटाचं गुणोत्तर हाताने काढताना मला मनापासून आनंद झाला.

सहलग्नतेची, म्हणजे एकाच गुणसूत्रावर जवळ असल्याने बहुधा एकत्र उतरणाऱ्या जनुकांची, गणितं अजून हातात बसलेली नाहीत. दोन जनुकांची जमतात: मॉर्गन या शास्त्रज्ञाच्या फळमाश्यांचे १३३९, ११९५ (मूळ जोडणीच्या) आणि १५१, १५४ (नव्या जोडणीच्या) हे आकडे घेतले, तर २८३९ पैकी ३०५ नव्या जोडणीच्या, म्हणजे १०.७ टक्के, म्हणून त्या जनुकांत १०.७ एकक अंतर. तीन जनुकांत मात्र अडखळते. सर्वांत कमी संख्येचे दोन गट दुहेरी अदलाबदलीचे (गुणसूत्रांची दोन ठिकाणी अदलाबदल झालेले), आणि मूळ गटांशी ताडून जे एक जनुक जागा बदललेलं दिसेल ते मधलं, इथपर्यंत ठीक. दोन्ही अंतरं काढताना ते दुहेरी गट दोन्हीकडे मिळवायचे असतात, ते मी दर तिसऱ्या उदाहरणात विसरते. डिसेंबरभर फक्त हेच करणार आहे.

गच्चीवरही एक काम पुढे सरकलंय. सप्टेंबरमध्ये आईबाप उलटे करून क्रॉस केले: मादी पांढरी, पराग गडदचे. गुणधर्म पेशीच्या केंद्रकातल्या साध्या जनुकाचा असेल तर आईबाप उलटून फरक पडायला नको. पण याच गुलबक्षीच्या पानांवरच्या पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांच्या बाबतीत जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कोरेन्सला १९०९ मध्ये वेगळं दिसलं होतं. बी कोणत्या फांदीवर धरलं, तशी रोपं आली, पराग कुणाचेही असोत. फुलाच्या रंगाचं तसं होणार नाही असं मी धरून चालले आहे, आणि ते तपासल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. बेचाळीस फुलांतून सतरा बिया मिळाल्या. कागदी पाकिटावर "मादी पांढरी" असं पेन्सिलने लिहून त्या कपाटात ठेवल्या आहेत. जूनपर्यंत कुणाला गडद रोपाच्या शुद्ध बिया हव्या असतील तर सांगा, माझ्याकडे मूठभर जास्त आहेत.